चांगुणाबाईंनी लावलेलं दार

चांगुणाबाई लग्नघरात आल्या की आधी नवरीची खोली रिकामी करायच्या. मावश्या, आत्या, मेंदीवाली, फोटोग्राफर, सगळे बाहेर. नवरीच्या आईलासुद्धा सवलत नाही. "चला, उठा. मना पोरीशी बोलाचा हाय," एवढंच म्हणायच्या आणि आतून कडी लावून घ्यायच्या. बाहेर मांडवात हळदीची परात तयार असायची, पाहुणे घड्याळाकडे बघत असायचे. थोड्या वेळाने दार उघडायचं. चांगुणाबाई चटईवर येऊन मांडी घालायच्या, पदर सारखा करायच्या आणि गायला लागायच्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि सुकापूर गावात त्यांना ते कुणी विचारतही नसे.

त्या धवलारीण होत्या. आगरी लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. एका अर्थी लग्न तीच लावते. आता भटजी असतात, डीजे असतो, ड्रोनवाला कॅमेराही असतो. पण गावातली जुनी घरं अजून धवलारीण गायला बसल्याशिवाय पोरीच्या अंगाला हळद लावत नाहीत.

आमची ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते. त्या काही भांडल्या नाहीत. आम्ही डोंबिवलीहून सुकापूरला नवीन इमारतीत राहायला आलो, आणि गॅलरीतून डोंगर दिसतो या आनंदात गॅलरीखाली गाव आहे हे आमच्या लक्षातच आलं नाही. मुलीची दहावीची परीक्षा आणि खाली कुणाची तरी हळद. डीजेने कपाटातल्या बश्या नाचायला लागल्या तशी मी तणतणत खाली उतरले. "इथे कोण मुख्य आहे?" म्हणून विचारलं, तर लोकांनी नवरीच्या बापाकडे नव्हे, चटईवर बसलेल्या एका म्हातारीकडे बोट दाखवलं.

"बाय, तुमी वरती ऱ्हाता?" तिने विचारलं.

"हो. आणि आमचं घर हादरतंय."

"मंग ते माजा गाना नाय. माजा गाना शेजारी बसलेल्यालापन धड ऐकू येत नाय."

बायका हसल्या. मला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना बंद करायला. तुमचं ऐकतील."

"ऐकतील," त्या म्हणाल्या, "म्हनून तं सांगत नाय. बसा जरा."

मी बसले. त्याही बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून, चेहऱ्यावर रागाची रेषही नाही. शेजारच्या बायका बोलायच्या थांबल्या. मग पलीकडच्या रांगेतल्या कुणाला तरी दिसलं की आय थांबली आहे. अख्खं गाव त्यांना आयच म्हणायचं. कुजबुज मागे मागे सरकत गेली, नाचणाऱ्या पोरांनी नाच थांबवला आणि डीजेवाल्याने आपणहून बटण बंद केलं. चांगुणाबाईंनी मग घसा खाकरला. आवाज फार काही गोड नव्हता, जाडसर आणि थोडा खरखरीत. पण पुढचा शब्द येणार याची सगळ्यांना खात्री असल्यासारखा तो चालायचा. मी ओरडायला गेले होते ती हळद लागेपर्यंत बसून राहिले.

पुढे त्या आमच्याकडे यायला लागल्या. तरुणपणी मिठागरावर राबलेल्या, त्यामुळे तळपायांना कायमच्या भेगा. अंगात मात्र कंटाळा नावाची गोष्ट नाही. आमची लिफ्ट त्यांना फार आवडायची. काम नसलं तरी वर यायच्या, आणि येताना करंजाहून आणलेली सुकट वर्तमानपत्राच्या पुडीत घेऊन यायच्या. करंजाला त्यांची धाकटी बहीण दिलेली होती. तिला भेटायला त्या नेमाने जात. सुकटीच्या वासाने माझा नवरा गॅलरीत पळायचा. "साहेब, तुमी बाहेर गेलाव तं वास बाहेर येतो, आत नाय येत," असं काहीतरी तर्कट त्या सांगायच्या, आणि तो बिचारा आणखीच गोंधळायचा.

गावातल्या बायका त्यांना सतत काही ना काही विचारत. त्यात सगळ्यांत जास्त म्हणजे स्थळांबद्दल. कारण आसपासच्या गावांतलं घरन् घर त्यांनी लग्नांतून आतून पाहिलेलं. कामोठ्याचं स्थळ आलंय, घर कसं आहे? चांगुणाबाई माहीत असलेलं सांगायच्या: सासू तोंडाळ आहे, पोरगा कामाला जातो, विहिरीवरून भावाभावांत वाकडं आहे. पण "मग देऊ का पोरगी?" असं कुणी म्हटलं की लगेच हात झटकायच्या.

"ते मना नको इचारू. माज्या सांगन्यावरनं दिलीस, आनि उद्या तिकडं भांडान जाला, तं मी जाऊ काय तिच्या घरी भाकऱ्या थापाला?"

मला वाटायचं, ही बाई जबाबदारी टाळते आहे. इतकी वर्षं ऑफिसात काढल्यामुळे सही न करणारी माणसं मला लांबूनच ओळखता येतात, असा माझा समज होता. बाळारामशेठच्या मनीषाच्या हळदीला तो समज पार पुसला गेला.

बाळारामशेठ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. आमच्या इमारतीची जमीन त्यांची, शेजारच्या दोन इमारतींचीही त्यांचीच. मनीषा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. स्थळ त्यांच्याइतकंच तालेवार, मांडव मैदानभर. आम्हालाही आमंत्रण होतं. चांगुणाबाई आल्या, खोली रिकामी केली, कडी लावली. त्या दिवशी दार जरा उशिरा उघडलं. त्या येऊन चटईवर बसल्या, पदर सारखा केला, आणि गायल्या नाहीत.

लोक थांबले. डीजेवाल्याने आवाज कधीच बंद केला होता. शेवटी बाळारामशेठ स्वतः आले.

"आय, करा सुरू."

"मी नाय गानार, बाळाराम."

"का?"

"ते मी सांगनार नाय."

शेठच्या बहिणीने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. "आयचा गला बसलाय वाटतं. पानी द्या कोन तरी."

"गला चांगला हाय माजा," चांगुणाबाई म्हणाल्या. एवढी आयती सबब समोर आली होती, आणि त्यांनी ती घेतली नाही. मला त्या क्षणी त्यांचा रागच आला. घसा बसला म्हणाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बाळारामशेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी कामोठ्याच्या धवलारणीला फोन लावला आणि गाडी पाठवतो म्हणाले. फोन स्पीकरवर होता. पलीकडून एकच प्रश्न आला, "चांगुणा का नाय गात?" शेठ म्हणाले, कारण सांगत नाही. "मंग मी पन नाय येनार," म्हणून बाईंनी फोन ठेवून दिला.

चांगुणाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि शेठच्या जवळ गेल्या. मी पुढच्याच रांगेत होते म्हणून ऐकू आलं.

"बाळाराम, तुज्या लग्नाला मीच गायली. त्या दिशी तुज्या बायकोलापन मी इचारला व्हता. ती हो बोल्ली, म्हनून गायली. आता तू आत जा. एकटा जा. पोरीला इचार, आनि ती बोलेल तवा मधी बोलू नको."

शेठनी एकदा मांडवाकडे पाहिलं. पाहुण्यांत आमदार वगैरे मंडळी बसलेली, व्याह्यांकडची माणसं हळद घेऊन आलेली. इतक्या लोकांसमोर माणूस काय करेल याची मला भीती वाटत होती. पण ते वळले आणि खोलीत गेले. आत काय झालं ते मला पुढे मनीषाने स्वतः सांगितलं, म्हणून लिहिते आहे. तिने घरात दोनदा नाही म्हटलं होतं. पोरगा तिला आवडला नव्हता, आणि लग्नानंतर नोकरी चालणार नाही असं त्या लोकांनी बजावलं होतं. घरातल्यांनी तिला समजावलं होतं की एकदा हळद लागली की मन आपोआप वळतं. चांगुणाबाईंना ती खरं बोलली, कारण त्या दारामागचं बोलणं बाहेर जात नाही हे गावातल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. बापाला तेच तिने तिसऱ्यांदा सांगितलं. फरक एवढाच की या वेळी तो मध्ये बोलला नाही.

ते बाहेर आले आणि चांगुणाबाईंकडे बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली. चांगुणाबाईंनीच मांडवाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "हलद लागनार नाय. लोकांना सांगाचा असंल तं सांगा, चांगुणानं लगीन मोडला."

आणि लोकांनी तेच सांगितलं. मनीषाच्या नावाला कुणी बोट लावलं नाही; नावं ठेवली गेली ती म्हातारीला. व्याह्यांच्या गावात आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या गावांत तिला बोलावणं बंद झालं. लग्नसराईत एक दिवस रिकामा न मिळणारी बाई दुपारी माझ्याकडे येऊन टीव्ही बघत बसायला लागली. मला ते बघवेना. मी म्हटलं, "पण तुम्ही कुठे मोडलं लग्न? मुलीलाच नको होतं. खोटा आळ का घेतलात? गळ्याचं खोटं तर बोलला नाहीत!"

"खोटा कसा? मी गायली असती तं लगीन जाला असता. जाला असता का नाय?"

"झालं असतं."

"मंग मीच मोडला. आनि गला बसला बोल्ली असती, तं दुसऱ्या दिशी गला सुटला म्हनून परत बशिवली असती."

त्याच दुपारी मी त्यांना विचारलं, की ही दार लावायची रीत त्यांना कुणी शिकवली. त्यांच्या आधीच्या धवलारणी असं काही करत नसत, हे मला त्यांच्या सूनबाईकडून, सुरेखाकडून, कळलं होतं. चांगुणाबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"माज्या धाकट्या बयनीच्या लग्नाला मी पयल्यांदा गायली," त्या म्हणाल्या. "ती लय रडत व्हती. लग्नात सगल्याच रडतान, रडली नाय तं लोका नावा ठेवतान. मना वाटला, तशीच रडते. ती माज्याकडं बघून रडत व्हती, आनि मी आनखी मोठ्यानं गायली."

बहिणीचा संसार कसा झाला ते त्यांनी सांगितलं नाही. तो धड झाला नव्हता एवढं त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मग म्हणाल्या, "मी करंजाला गेली का ती आजपन बोलते, ताई, त्या दिशी तुजा आवाज लय चांगला लागला व्हता."

माझ्या स्वयंपाकघरात त्या बहिणीने वाळवलेली सुकट डब्यात होती.

हळूहळू लोक निवळले, बोलावणी परत सुरू झाली. तोवर चांगुणाबाई थकल्या होत्या. सुरेखा सोबत जायची, त्यांच्या मागून गाणं धरायची. तिचा आवाज चिरका, त्यात स्वभाव भिडस्त. तिला धवले शिकवताना चांगुणाबाई चुकलं तर हसायच्या. दार लावायचं मात्र त्यांनी तिला एकदाही सांगितलं नाही. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "मी सांगून लावला, तं ते माजा दार. तिला वाटंल तं ती लावंल." गेल्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत. गावातल्या बायकांच्या घोळक्यात मीही होते. मी खूप रडले, आणि ते रडणं रीतीचं नव्हतं.

यंदा मनीषाचं लग्न ठरलं. ती आता नर्स आहे, आणि मुलगा तिच्याच हॉस्पिटलात काम करणारा, तिनेच पसंत केलेला. मांडव त्याच मैदानात, पण पहिल्यापेक्षा लहान. सुरेखा एकटी आली. सासूची चटई काखेत होती. ती खोलीत गेली, आणि जरा वेळाने आतल्या बायका एकेक करून बाहेर यायला लागल्या. शेवटी मनीषाची आई आली. मागे कडी लागल्याचा आवाज झाला.

नवऱ्यामुलाकडचा कुणी तरी हसला. "अहो, लव्ह मॅरेज आहे! आता आणखी काय विचारायचं तिला?" डीजेवाल्यालाही तसंच वाटलं असावं, त्याने गाणं लावायला हात पुढे केला.

दारापाशी बाळारामशेठ उभे होते. त्यांनी तिथूनच त्याला हाताने थांबवलं आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "थांबा वाईच. पोरीला इचारू द्या."

मग ते दाराला पाठ लावून उभे राहिले, आणि दार उघडेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.