घोडीवर न बसणारा मोतद्दार

पोलिसातल्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले आणि बहुतेक विसरलोही. त्या मोतद्दाराची घटना मात्र आजही आठवते.

अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला तेव्हा सोन्याचे दिवस आले होते. मी अकोल्याच्या ठाण्यावर होतो. ऐन हंगामात अमरावतीचा एक कापूस दलाल घोडीवरून अकोल्याला निघाला आणि वाटेतच नाहीसा झाला. घोडीची निगा राखणारा आणि तिच्यामागे पायी धावणारा त्याचा मोतद्दारही बेपत्ता. सापडली ती घोडी. खोगीर पोटाखाली फिरलेले, पाय ठेवायची डावी रिकीब तुटून गेलेली. मोतद्दारानेच मालकाला मारले, असे जो तो म्हणू लागला. आम्हीही तेच धरून तपास केला. पुढे घोडी अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली. दलालाची बायको मात्र कुंकू पुसायला तयार नव्हती. प्रेत दाखवा, म्हणायची.

चैत्रात तो व्यापारी ठाण्यात आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सायेब, एक मानूस आपनहून कामाले आला. खरारा, चंदी, पागेची झाडलोट सारं करतो म्हने, पन घोडीवर बसनार नाई. पान्यावर नेते तं पायीच नेते. अन् रोज सकाळी खोगीर घालून उजवी रिकीब धरून उभा रायते. वर कोनी नसते."

स्वार डावीकडून चढतो-उतरतो. तेव्हा खोगीर फिरू नये म्हणून मोतद्दार पलीकडची रिकीब दाबून धरतो. पण स्वारच नसताना?

दुसऱ्या दिवशी एक शिपाई घेऊन गेलो. कोवळे ऊन होते. माणूस रिकीब दाबून, मान खाली घालून अदबीने उभा होता. घोडीची पाठ किंचित दबली. वर कोणी नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. तरी माझ्या शिपायाचा हात नकळत सलामासाठी वर गेला.

माणूस तोच निघाला, दलालाचा मोतद्दार. ठाण्यात आणून जमादाराने दमात घेतले. तो एवढेच बोलला, "मालक अजून उतरले नाईत. त्याइच्या मांडीवर बसू काय?"

जमादार म्हणाला, सोंग आहे. मला तसे वाटले नाही. सोंग करणारा तुमच्या तोंडाकडे पाहून अंदाज घेत असतो. हा मात्र माझ्या डोक्याच्या वर, घोड्यावरच्या माणसाकडे पाहावे तसा पाहत होता. खुनाचा आरोप म्हणजे फास, हे त्याला पक्के ठाऊक होते.

मी म्हणालो, "मग उतरव त्यांना. कुठं उतरायचं होतं?"

तो ढसाढसा रडला. मग म्हणाला, "चाला."

दलालाच्या बायकोला निरोप धाडून मूर्तिजापूरच्या वाटेवर बोलावून घेतले. मोतद्दार लगाम धरून पायी पुढे, घोडी रिकामी. समोरून येणारे गाडीवान का कोण जाणे, गाड्या बाजूला घेत होते. एका पडीक शेतात, कठडा नसलेल्या विहिरीपाशी घोडी आपणहून थांबली. मोतद्दाराने उजवी रिकीब दाबली. "उतरा, मालक." घोडीच्या अंगावरून शहारा गेला आणि तिने मोठा श्वास टाकला.

विहीर आटत आली होती. गाळातून सापळा निघाला. कमरेचा पैशांचा कसा जसाच्या तसा होता, आणि डाव्या पायाच्या जोड्यात तुटकी रिकीब अडकली होती. मोतद्दाराने सांगितले, पायातला बाभळीचा काटा काढायला तो मागे थांबला होता. तेवढ्यात मालक पाणी पाहायला काठावर एकटेच उतरू गेले. पलीकडून दाब नव्हता. खोगीर फिरले, रिकीब तुटली आणि ते विहिरीत पडले. खून झालाच नव्हता.

बाई बैलगाडीतून उतरून जवळ आली. तिने त्याला एकच विचारले, "तू पोचला तवा आवाज येत होता काय त्याइचा?"

नाही म्हणाला असता तर कुणाला कळणार होते?

"येत होता, बाई. माह्या नावानं हाका मारून रायले होते. गावातून दोर आनाले निघालो होतो. पन वाटेत मनात आलं, मेलेले निघाले तं लोक म्हनतीन यानंच ढकललं. ठान्याले भेलो. पळून गेलो."

बाईने शिव्याशाप दिले नाहीत. काठावर बसून तिने बांगड्या फोडल्या.

तो खुनाच्या आरोपातून सुटला. लोक आपल्याला टरकून असतात, याचा मला तोवर मोठा अभिमान होता. नव्या शिपायांना मी तेच शिकवीत असे. विहिरीत माणूस जिवंत होता, गाव हाकेच्या अंतरावर होते, आणि ज्याने काहीही केले नव्हते तो माणूस आम्हाला भिऊन उलट्या दिशेने पळत होता.