वन्संचं नाक

जळलेल्या वस्तूंवर आमच्या वन्संइतकी माया करणारं माणूस साऱ्या कर्जत तालुक्यात दुसरं सापडणार नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. खालापूरकडच्या एका कारखान्यात वीस वर्षं सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरीच्या बायकांनी कुणी पापड लाटले, कुणी शिवणयंत्र घेतलं. वन्संनी दहिवलीच्या आमच्या घराच्या ओटीवर एक टेबल टाकलं, वर मोठा बल्ब टांगला आणि मिक्सर, इन्व्हर्टर, गिरणीचे स्टार्टर, जे जे म्हणून जळून येईल त्याला आश्रय द्यायला सुरुवात केली. चांगल्या वस्तूकडे त्या ढुंकून बघत नसत. नवा फ्रीज घरात आला तेव्हा सगळे कौतुक करत होते आणि वन्सं मात्र, 'बिघडला की बोलवा' असा चेहरा करून निघून गेल्या.

त्यांची तपासण्याची रीत जगावेगळी होती. वस्तूच्या आतला सर्किटचा बोर्ड हातात आला की त्या आधी तो नाकाला लावत. मासळीसारखा वास आला तर कपॅसिटर गेला, करपल्या कागदाचा आला तर रेझिस्टन्स, आणि गोडसर, डोक्यात जाणारा आला तर तारेच्या वेढ्यांची कुठली तरी कॉइल जळाली. मीटर लावायचा तो नंतर, गिऱ्हाइकाचं समाधान व्हावं म्हणून. एकदा एका डेअरीवाल्यानं कसलं तरी यंत्र आणलं. "आपोआप बंद पडलं, मावशी," असं तो सांगत असतानाच वन्संनी वास घेतला आणि म्हणाल्या, "आपोआप नाय. दूध सांडलंय त्याच्यावर. चार दिस झालं." तो बिचारा खाली बसला. यंत्रावर त्या कधीच रागावत नसत, मालकाला मात्र सोडत नसत. मिक्सरवाल्या बाईला एकदा त्यांनी तासभर उभं करून विचारलं होतं, "तुमच्या तोंडात असं कोंबलं तर तुमी फिराल काय?"

या नाकाचा जाच मला बावीस वर्षं झाला. मी कर्जतच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला त्या 'मास्तरीण' म्हणतात. आत मी फोडणी करतेय, बाहेर त्या कुणाच्या तरी टीव्हीत डोकं घालून बसल्यात, आणि मोहरी तेलात एक क्षण जास्त राहिली की ओटीवरून हाक, "मास्तरीण, जळली गं!" माझ्या हातच्या एकाही पदार्थाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. मीही त्याची अपेक्षा सोडून दिली होती.

तर यंदा भादव्यात कडावजवळच्या एका फार्महाऊसचा केअरटेकर बाळाराम टॉवेलात गुंडाळून एक मोठा बोर्ड घेऊन आला. मुंबईच्या मालकांनी पाहुण्यांसाठी पिनबॉलचं जुनं मशीन आणलं होतं. काचेखाली तिरकी फळी, तिच्यावर धावणारी लोखंडी गोळी, आणि गोळी कुठे आपटली की खालून टोला देऊन तिला उडवणाऱ्या दहा-बारा कॉइल. मुंबईच्या मेकॅनिकनं बोर्ड तीनदा दुरुस्त केला, तीनदा मशीन दहा मिनिटं चाललं आणि धूर निघाला. चौथ्यांदा त्यानं हात जोडले आणि फेकून द्या म्हणाला. 'फेकून द्या' हे शब्द वन्संपुढे काढू नयेत हे बाळारामला ठाऊक नव्हतं. वन्संनी बोर्ड नाकाला लावला, नेहमीसारखी मान डोलावली आणि म्हणाल्या, "ठेव हितं."

दोन दिवस झाले, तीन झाले, त्या नुसत्या बोर्डावरच्या काळ्या डागाकडे बघत बसलेल्या. चौथ्या दिवशी पेपर तपासण्याच्या नादात माझी शेवयांची खीर खाली लागली. मी वरवरची वाटीत काढून धाडस करून वन्संपुढे ठेवली. त्यांनी खाल्ली आणि म्हणाल्या, "चांगली झालीय गं." बावीस वर्षांत पहिल्यांदा! मी हवेत तरंगतच आत गेले आणि नवऱ्याला बातमी दिली. त्यानं एक चमचा तोंडात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, पार करपलीय ही."

मी तशीच बाहेर आले. वन्संनी माझा चेहरा ओळखला. "त्या माघातल्या तापापासनं," त्या बोर्डाकडे बघतच म्हणाल्या. "काय बी येत नाय. ना रॉकेलचा, ना कांद्याचा." म्हणजे इतके महिने त्या गिऱ्हाइकापुढे नुसतं नाक लावून मान डोलावत होत्या, आणि अवघड काम आलं की 'येळ नाय' म्हणून परत पाठवत होत्या. कडावच्या गिरणीवाल्याचा स्टार्टरही असाच परत गेला होता. मला वाटलं होतं, बाई दमली. "ह्यो एक करून बघते," त्या म्हणाल्या. "नाय जमला तर टेबल मोडायचं. उगं नाटकं करून लोकांना फसवायचं नाय." आवाज अगदी कोरडा होता. मला रात्रभर त्याचं वाईट वाटत राहिलं. सकाळी वन्संनी पदर खोचला, पिशवी भरली आणि मला फर्मावलं, "मास्तरीण, आज सुट्टी हाय ना? नाक घे आन् चल."

कडावला मशीनचं झाकण उघडल्याबरोबर त्यांना पहिली गोष्ट सापडली. फ्यूजवर कुणीतरी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती. बाळाराम डोकं खाजवत म्हणाला, "सारखा उडत व्हता, मावशी. पाव्हणे खोळंबत व्हते." वन्संनी त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. पण त्यांचे डोळे चमकले. "बोर्ड तीनदा जळला, म्हंजे त्याचा दोष नाय. कोण तरी त्याला जाळतंय. डाग हितं दिसतोय, आग दुसरीकडं हाय." एखादी कॉइल आतून जळून नको तेवढी वीज ओढत होती, आणि फ्यूजला चांदी लावल्यामुळे तो भार बोर्डावर येत होता. कुठली कॉइल, एवढंच शोधायचं होतं. कुठल्या कॉइलचा आकडा किती यायला हवा हे सांगणारं पुस्तक मालकांकडे नव्हतं, त्यामुळे मीटर आकडे दाखवी पण दोष दाखवीना.

वन्संनी ती फळी गाडीच्या बॉनेटसारखी उचलून टेकू लावला आणि माझं डोकं धरून आत घातलं. "पयली?" "तेलाचा वास, शिवणयंत्राच्या." "पुढं." "धुळीचा." "कसली धूळ?" "शाळेच्या कपाटातली." चौथ्या कॉइलला मी दमून म्हणाले, "जळल्यासारखा येतोय." "जळल्यासारखा म्हंजे काय गं? वांगं जळतं, दूध जळतं, माणूस बी जळतं. नीट सांग!" मी परत नाक लावलं. तो वास कॉइलचा नव्हता, चार दिवस ओटीवर पडलेल्या बोर्डाचा माझ्याच अंगाला लागलेला होता, असं लक्षात आलं. आठव्या कॉइलपाशी मात्र मी थबकले. "गोड आहे. पाक पुढे जाऊन तांबूस होतो तसा. आणि त्यात कुणी नेलपॉलिशची बाटली सांडल्यासारखी." वन्संनी त्या कॉइलच्या तारा सोडवल्या, मीटर लावला, मग तिच्यासारखीच दुसऱ्या बाजूची कॉइल मोजली. दोन्ही आकडे मला दाखवले. हिचा निम्मासुद्धा नव्हता. "बावीस वर्सं उगं नाय गेली," त्या म्हणाल्या.

त्यापुढचे तीन दिवस घरात कुणाला बोलायची चोरी होती. वन्संनी ती कॉइल उलगडली आणि नवी तार माझ्या शिवणयंत्राच्या बॉबिनच्या चाकावर वेढे मोजत भरली. मधेच नवऱ्यानं चहा मागितला तर आकडा चुकला आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. बोर्डावरचा कोळसा त्यांनी ब्लेडनं खरवडला, कारण कोळशातूनही वीज पळते. जळून गेलेल्या रेघांच्या जागी केसासारखी तार टाकली आणि विजेची दिशा सरळ करणारा एक चौकोनी तुकडा नवा बसवला. डोळ्यांना पाणी येई, पदरानं पुसत, परत वाकत. मी म्हटलं, जरा थांबा. "थांबले तर थांबलेच," एवढंच म्हणाल्या.

रविवारी कडावला जाऊन मशीन आणि प्लग यांच्यामध्ये त्यांनी आपला तो मोठा बल्ब जोडला. आत कुठे दोष असला तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं. बटण दाबलं. बल्ब एकदम पेटला आणि मग हळूहळू मंद होत गेला. मग बल्ब काढून सरळ वीज दिली. रंगीत दिवे लागले, गोळी सुटली, आठव्या कॉइलनं तिला असा टोला दिला की बाळारामनं टाळी वाजवली. वन्संनी तासभर ते चालवून घेतलं. स्वतः एकदाही खेळल्या नाहीत, तळहात मशीनच्या कडेला लावून उभ्या होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "घे वास." मी बोर्डाशी वाकले. काही नव्हतं, फक्त ताज्या सोल्डरचा वास होता. "मग झालं," त्या म्हणाल्या आणि बाळारामला सांगितलं, "गावात गिरणीवाल्याला सांग, स्टार्टर घिऊन ये म्हणावं."

परत निघालो तेव्हा ऊन उतरत होतं. स्कूटर मी चालवत होते, वन्सं मागे पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. थोडं पुढे आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली, "थांब गं." काही पडलं असेल असं मला वाटलं. दोन्ही बाजूंना भात फुलोऱ्यावर आला होता. वन्सं बांधापर्यंत गेल्या, एक लोंबी वाकवून नाकाशी धरली आणि जोरात श्वास ओढला. परत ओढला. तिसऱ्यांदा ओढला. मग लोंबी हलकेच सोडून दिली.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

मी मराठी शिकवून पोट भरते, पण मला शब्द सुचेना. "कोवळा आहे वन्सं," मी कसंबसं म्हणाले. "ओलसर. मधेच दुधासारखा. आणि खाली तापलेल्या चिखलाचा, अगदी थोडा." या बाईनं मला बावीस वर्षं जेरीस आणलं, आणि त्या क्षणी मला माझं नाक काढून तिच्या हातात द्यावंसं वाटत होतं.

वन्संनी डोळे मिटले होते. "अजून सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग. घाई नाय."