पौंड काय म्हणते?

"पौंड काय म्हणते, बाई?"

सकाळी ऑफिसात आले की टोपी खुंटीला अडकवायच्या आधी बाबूजी मला हे विचारायचे. मी टाइपरायटरवरचं फडकं काढता काढता सांगायची, "तेरा रुपये तेहतीस पैसे." मग मान डोलवून ते खुर्चीत बसायचे. गंमत अशी, की त्या काळी पौंडाचा भाव बदलतच नसे. कालचा तोच आज, आजचा तोच उद्या. तरी ते रोज विचारायचे आणि उत्तर ऐकून रोज समाधानी व्हायचे. देव जागेवर आहे की नाही हे पाहायला रोज देवळात डोकावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

आमचं ऑफिस शहरातल्या सदर भागात होतं. सेठच्या मँगनीजच्या खाणी सावनेरकडे, आणि माल जायचा परदेशात. सौदे बाबूजी बघायचे. पत्रं ते तोंडी सांगायचे, मी टाइप करायची. मला ते आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते. एक अक्षर चुकलं तरी कागद चुरगाळून माझ्याच टेबलावर टाकायचे. "लंडनचा माणूस वाचणार हाय हे. सावनेरची ग्रामपंचायत नाही." त्यांच्यापायी रडली नाही अशी टायपिस्ट त्या ऑफिसात झाली नाही. मीही रडले.

जपानचे व्यापारी डॉलरमध्ये सौदा करा म्हणायचे. बाबूजी हसायचे. "डॉलर म्हणजे कालचं पोट्टं. पौंड बापमाणूस हाय." सौदा पौंडातच व्हायचा.

एकोणीसशे सहासष्टच्या जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत उतरवली आणि एका रात्रीत पौंड एकवीस रुपयांचा झाला. आमचे सौदे पौंडात होते. माल तोच, बोटी त्याच, आणि सेठच्या घरात दीडपटीहून जास्त रुपये. बाबूजींनी ऑफिसभर संत्रा बर्फी वाटली. कॅशियरच्या टेबलापाशी मात्र खोका पुढे धरून ते मुद्दाम थांबले. कॅशियरचा मुलगा लंडनला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याच्या फीचे पौंड रुपये मोजून घ्यावे लागत, आणि ते आता बापाच्या आवाक्यात राहिले नव्हते.

"घ्या गा," बाबूजी म्हणाले. "पोराले म्हणा, वापस ये. बर्डीच्या बाजारात संत्री इक."

कॅशियरनं बर्फी घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. मुलगा दिवाळीच्या आत शिक्षण अर्धवट टाकून परत आला.

सेठ इतके खूश होते की त्यांनी बाबूजींना शब्द दिला. अडुसष्टच्या जानेवारीत खरेदीदारांना भेटायला लंडनला जायचं होतं, तुम्हीही सोबत चला. तिथून पुढे हा माणूस फक्त त्या जानेवारीसाठी जगला. बर्डीवरच्या शिंप्याकडून त्यांनी जाड लोकरी ओव्हरकोट शिवून घेतला. मे महिन्यात, खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी मारत असताना, ते आम्हाला तो घालून दाखवायचे. कपाळावरून घाम ओघळायचा आणि ते म्हणायचे, "तिथं बर्फ पडते, बाई." तेवढ्यापुरते ते मला आवडायचे. त्यांच्याच सांगण्यावरून सेठनं पुढच्या दोन वर्षांचे झाडून सगळे सौदे पौंडात बांधले.

सदुसष्टच्या नोव्हेंबरात एका सोमवारी बाबूजी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि काही विचारलं नाही. आदल्या दिवशी रेडिओवर सगळ्यांनी ऐकलं होतं. या वेळी इंग्रजांनी पौंडच उतरवला होता आणि रुपया जागेवर राहिला होता. पौंड झाला अठरा रुपयांचा. सौदे बांधलेले, माल तर द्यायचाच, आणि हातात येणार कमी.

कॅशियर खोका घेऊन उठला. संत्रा बर्फीच होती.

"घ्या बाबूजी. पौंड काय म्हणते?"

बाबूजींनी बर्फी घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

सेठ त्यांच्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बाहेरचा कोणीही आला की ते बाबूजींना आत बोलवायचे. "यांना सांगा जरा, पौंड काय म्हणते?" बाबूजी उभ्यानं सांगायचे, "अठरा." पाहुणे हसायचे, सेठ हसायचे, आणि बाबूजी जागेवर येऊन बसायचे. लंडनचं तिकीट एकच काढलं गेलं. तेही सेठनं त्यांनाच आणायला पाठवलं.

डिसेंबरात तोटा भरून काढायला एक खाण बंद करायचं ठरलं. दगड फोडणाऱ्या बायांना ते सांगायचं काम बाबूजींकडे आलं, आणि हिशेबासाठी नावं लिहून घ्यायला मला सोबत धाडलं. "कोट घालून जा," सेठ म्हणाले. "लंडन नाही तर सावनेर." जीपच्या ड्रायव्हरला बजावलं, परत येईपर्यंत यांना कोट काढू देऊ नको.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि ऊन चांगलंच तापलं होतं. बाया हातोड्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचे हात मनगटापर्यंत काळे होते. समोर ढिगाऱ्यावर ओव्हरकोटातले बाबूजी. काम बंद झालं एवढं सांगून ते उरकतील असं मला वाटलं होतं. पण ते समजावून सांगायला लागले. त्यांच्या तोंडून पौंडाविरुद्ध शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"तिकडं लंडनले चार माणसं बसते अन् भाव मोडते. माल आपला, घाम तुमचा, अन् आपल्याले कोनी इचारत नाही. एका देशाच्या पैशावर साऱ्या जगानं काहून चालावं? साऱ्या देशाइनं बसून भाव ठरवाले पाहिजे. हे बदलाले पाहिजे."

बाया ऐकत होत्या. पुढे उभी असलेली एक म्हणाली, "तुमची बी नोकरी गेली का जी?"

"नाही."

"मंग एवढ्या उन्हात कोट काहून घातला?"

बाबूजींनी ड्रायव्हरकडे पाहिलं. "सेठनं सांगतलं," ते म्हणाले.

आधी एक हसली, मग सगळ्या. हातचं काम गेलेल्या त्या बाया पोट धरून हसल्या. मला त्यांचा राग आला नाही. बाबूजींची मात्र मला त्या वेळी फार दया आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी खाली मान घालून नावं लिहीत राहिले.

परतताना सावनेरच्या एसटी स्टँडवर त्यांनी जीप थांबवली. ड्रायव्हर काही बोलायच्या आत कोट काढला, नीट घडी घालून सीटवर ठेवला. "मी यश्टीनं येतो, बाई," म्हणाले आणि उतरले.

ते आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. नरखेडकडे भावाच्या संत्र्याच्या बागेत राहतात असं कोणीतरी सांगितलं. खरंखोटं बघायला ऑफिसातून कोणी गेलं नाही.

कोट जानेवारीत सेठ लंडनला घेऊन गेले. परत आल्यावर म्हणाले, शिंप्यानं काम चांगलं केलं आहे, थंडी अजिबात वाजली नाही.

पौंडाचा नवा भावही मग कितीतरी दिवस तोच राहिला. सकाळी टाइपरायटरवरचं फडकं काढताना माझ्या तोंडाशी "अठरा" यायचं. विचारणारं कोणी नसायचं.