एकट्या दीर्घिकांची यादी

लख्खबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. वेधशाळेच्या कार्यालयातल्या लोकांनी पाठीमागं ठेवलेलं ते नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सकाळी आल्याबरोबर ती टेबल पुसायची, मग कीबोर्ड, मग पडदा. टेबलाशी कुणी रेलून उभं असलं तर त्याला कोपरं उचलायला लावून खालची जागाही पुसायची. घरी तिचा नवरा म्हणायचा, की चहाचा शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत कप धुऊन पालथा पडलेला असतो. बस चालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ भला, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

बाईचं काम होतं दुर्बिणीतून आलेले दीर्घिकांचे फोटो बघून प्रत्येकीला एक ते पाचमधला आकडा द्यायचा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एकेक संसार. असे दोन संसार एकमेकांत घुसले की वायू ढवळून निघतो, नवे तारे भराभर जन्मतात, आणि धूळ त्यांचा उजेड गिळून तापते. ती तापलेली धूळ आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात झगझगते. बाईकडे यायच्या त्या अशाच झगझगणाऱ्या. एकटी असेल तर एक. शेजारी दुसरी आली असेल तर दोन, भिडल्या असतील तर तीन, एका अंगात दोन गाभे दिसले तर चार. पाच म्हणजे एकजीव झालेली, पण ओढाताणीत बाहेर फेकल्या गेलेल्या ताऱ्यांची फिकट शेपटी अजून मागं असलेली. एक आणि पाच यांच्यात फरक तेवढ्या शेपटीचाच.

नकाशे काढणारी म्हणून ती इथं आली, तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पदवी नव्हती, नजर होती. एकतीस वर्षं तिनं आकडे दिले आणि इतरांनी त्यांवर शोधनिबंध लिहिले. त्यात तिचं नाव कधी नसायचं, आणि ते असावं असं कुणाला सुचलंही नाही. सुचलं ते एका संशोधक मुलीला. डॉक्टरेट मिळायची होती, तरी सगळे तिला आधीच डॉक्टरीणबाई म्हणत. बाईनं गेल्या वर्षभरात केलेल्या यादीवरून तिनं निष्कर्ष काढला होता, की सगळ्यांत झगझगीत दीर्घिकांपैकी एक तृतीयांश चक्क एकट्या आहेत, म्हणजे असं झळकायला टक्कर लागतेच असं नाही. तिचे मार्गदर्शक सर खूश झाले. निबंध शुक्रवारी पाठवायचा ठरला, आणि लेखकांत चौथं नाव बाईचं घालायचं ठरलं. बाईनं घरी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते दीर, नणंद, व्याही आणि खालचा न्हावी एवढ्यांना कळलं होतं.

निवृत्तीला तीन आठवडे होते. मंगळवारी बाईनं आपलं कपाट आवरायला काढलं. तळाशी जुने कागदी फोटो होते. त्यातल्या एका दीर्घिकेला डाव्या अंगानं धुरकट पट्टा होता आणि खाली पेन्सिलीनं तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, शेपटी, पाच. ही दीर्घिका तर तिनं गेल्याच महिन्यात पडद्यावर पाहिली होती. तेव्हा शेपटी नव्हती आणि तिनं एक दिला होता. आधी तिला वाटलं, कागदावर डाग पडला असणार. तिनं कोरडं फडकं घेऊन तो पुसूनही पाहिला. तो काही निघेना.

मग तिनं संगणक सांभाळणाऱ्याला गाठलं आणि मूळ फोटो उघडायला लावला. शेपटी होती. दुसरा उघडला, त्यातही होती. दीड वर्षापूर्वी बाईच याच्यामागं लागली होती, की फोटोंची पार्श्वभूमी फार मळकट येते, डोळे शिणतात, जरा साफ करून दे. त्यानं आकाशाचा पसरट मंद उजेड काढून टाकणारा प्रोग्रॅम लावून दिला. तेव्हापासून फोटो कसे काळेभोर आणि स्वच्छ येत होते. पण शेपटीसुद्धा पसरट आणि मंदच असते. आकाश कुठलं आणि शेपटी कुठली, हे त्या प्रोग्रॅमला कुठून कळणार? त्यानं दोन्ही झाडून काढलं.

संगणकवाल्यानं दार लोटून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की झाकली मूठ सव्वा लाखाची. निबंध जाईल, तीन आठवड्यांनी बाई घरी जातील, जुने फोटो उकरायला इथं वेळ कुणाला आहे!

बुधवारी बाईनं तो कागद दोनदा कपाटात ठेवला आणि दोनदा बाहेर काढला. खोटं कशाला सांगा, तिला ते नाव हवं होतं. फार हवं होतं. कपाट आवरायला काढलं म्हणून तिला स्वतःचा राग आला, आणि हा राग आला याची लाजही वाटली.

गुरुवारी सकाळी टेबल न पुसताच ती त्या संशोधक मुलीच्या खोलीत गेली.

“तुझ्या त्या एकट्या आहेत ना, त्या एकट्या नाहीत गं. मी त्यांच्या शेपट्या पुसल्यात.”

मुलगी आधी हसली. बाईंची नेहमीची थट्टा असेल असं तिला वाटलं. बाईनं कागद आणि पडदा शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा तिचं हसू मावळलं. तिची डॉक्टरेट वर्षभर लांबणार होती. दोन दिवस ती बाईशी बोलली नाही, आणि बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. सर न रागावता म्हणाले, की यादी नव्यानं होईल, आणि ती दुसऱ्या कुणी तपासलेली बरी. म्हणजे नाव गेलं. घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यानं कुणालाही फोन केला नाही.

उरलेल्या तीन आठवड्यांत बाई मळक्या फोटोंपुढं मुलीच्या शेजारी बसली. आकडे मुलगी द्यायची. बाई फक्त कुठं बघायचं ते दाखवायची. एकशे एकतीस एकट्यांपैकी खरोखर एकट्या चौदाच निघाल्या.

पुढच्या वर्षी निबंध छापायला जायच्या वेळी मुलीचा फोन आला. चुकीबद्दलचा एक परिच्छेद घातला होता, आणि त्यातलं एक वाक्य तिनं वाचून दाखवलं. ही चूक बाईंनी पकडली, असं त्यात होतं, आणि बाईंच्या जागी तिचं पूर्ण नाव होतं.

“वाक्य अर्धंच आहे,” बाई म्हणाली. “केली कोणी, ते कुठंय?”

“बाई, ते लिहायची काय गरज आहे? कोणी विचारणार नाही.”

“मग माझं नावही काढ.”

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला, आणि मुलीनं वाक्य पुन्हा वाचलं. ही चूक बाईंनी केली आणि त्यांनीच पकडली. बाईनं ते आणखी एकदा वाचायला लावलं, नावाची अक्षरं एकेक करून तपासून घेतली, आणि म्हणाली, “आता छाप.”