एसी बंद केला ती दुपार

आखातात, रुवैसच्या रिफायनरी कॉलनीत आम्ही सात वर्षं काढली. चौथ्या वर्षी आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यानंतर चार महिने बायको कामापुरतंच बोलली. अबू धाबीच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली आणि बजावलं, मनानं बंद करायची नाही. दर महिन्याला आम्ही त्यांच्याकडे जायचो, जाऊन-येऊन चारशे ऐंशी किलोमीटर.

आम्ही दोघंही देवाधर्माचे नव्हतो. घरात गणपतीची एक तसबीर होती, तीही सासूबाईंनी दिलेली. म्हणूनच बहुधा काकांचं आम्हाला पटलं. काका आमच्या कॉलनीतलेच, रिफायनरीच्या स्टोअर्समध्ये वरच्या हुद्द्यावर; सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांना कुठल्याशा परंपरेची दीक्षा होती. मूर्ती नाही, आरती नाही, देव मानायचीही अट नाही. डोळे मिटून बसायचं आणि उजव्या कानाच्या आत जो नाद अखंड चालू असतो, तो ऐकायचा. शुक्रवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण जमायचो, इतर दिवशी घरीच बसायचं. अनुभव कुणाला सांगायचा नाही, पण एकत्र दीक्षा घेतलेल्या नवराबायकोला एकमेकांपुरती मुभा होती.

अकराव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, आला."

"कसा?"

"बारीक. लांब कुणी गुणगुणतंय असा."

मलाही तसाच ऐकू येत होता. त्या आठवड्यात तिनं स्वतःहून पोहे केले. महिन्याभरात ती फोनवर आईशी हसून बोलली. मी वहीत रोजची बैठक लिहीत होतो: कुठे, किती मिनिटं, नाद आला की नाही. सेहेचाळीस बैठका झाल्या तेव्हा ती म्हणाली, "आता गोळी नको मला. तो नाद म्हणजे बाळच आहे. गेलेलं नाही कुठे."

मी हादरलो. काकांना गाठलं.

"गोळीचं तिचं ती ठरवेल," काका म्हणाले. "आणि तुला शंका आलीच का? तुम्हा इंजिनिअरांचं हेच. वाढलेलं ताट आधी वजनकाट्यावर ठेवणार!"

मी हसलो नाही. रिफायनरीत माझं काम मीटर तपासण्याचं. काटा काहीतरी दाखवतो म्हणजे आत दाब आहेच असं आम्ही धरत नाही. आधी लाइन बंद करायची आणि काटा शून्यावर येतो का ते बघायचं. वही उघडली. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस बैठका बंद खोलीत, एसी चालू असताना झाल्या होत्या. ती शेजारी गेली असताना मी एकटा बसलो. एसी तीनदा बंद केला, तीनदा चालू केला. तिन्ही वेळा नाद एसीबरोबर गेला आणि एसीबरोबर आला.

पाच दिवस मी गप्प राहिलो. रोज तिच्या शेजारी बसलो, डोळे मिटले. पाचव्या दिवशी कपाटातल्या गोळ्या मोजल्या. चौदा उरायला हव्या होत्या, एकोणीस होत्या. गोळी एकदम सुटल्यानं तिला गरगरत होतं, हात थरथरत होते, तरी चेहऱ्यावर समाधान होतं.

त्या दुपारी बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. ती बसली. मी उठून एसी बंद केला.

मिनिटभरानं तिनं डोळे उघडले. "लाइट गेली?"

"नाही. मी बंद केला."

"चालू करा."

मी चालू केला. ती कान देऊन ऐकत राहिली, मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पाच दिवस झाले."

"आणि पाच दिवस तुम्ही माझ्या शेजारी डोळे मिटून बसत होता?"

मी मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "तुमचं नेहमी बरोबरच असतं. आता मी काय ऐकू, तेवढं सांगा."

डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तशी गोळी आणि पाणी तिच्या पुढे धरलं. तिनं गोळी गिळली. मग तोंड उघडून, जीभ उचलून मला दाखवलं. मी तसं मागितलं नव्हतं. पुढचं वर्षभर रोज ती तसंच दाखवत राहिली, आणि मीही रोज बघत राहिलो.