आकाराम मिस्त्रींचं बोट

आकाराम मिस्त्रींनी बोअरमध्ये बोट फिरवलं की त्यानंतर मापाचं गेज लावायचं नाही, असा उद्यमनगरात रिवाज होता. कुणी मुद्दाम घातलेला नव्हे, आपसूक पडलेला. पिस्टन ज्या नळकांड्यात खालीवर होतो त्याला बोअर म्हणतात. तो किती झिजला हे मिस्त्री नुसत्या बोटानं सांगायचे. "सहा थाऊ," म्हणायचे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुरुवातीला लोकांनी गेज लावून खात्री केली, मग खात्री करणंही सोडलं. पुढं कुणा नवख्याचा हात गेजकडे गेला तर बाकीचे त्याला झापायचे, "मिस्त्रींच्या तोंडावर गेज लावतोस व्हय रं?"

या गोष्टीचा त्यांच्या बायकोला, शालूबाईला, तीस वर्षं अभिमान होता. गेलं वर्षभर तिला त्याच गोष्टीची भीती वाटत होती.

मिस्त्रींना साखरेचा आजार जुना. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी बटणांचे शर्ट घालायचं सोडलं. "उकडतंय," म्हणाले, ऐन थंडीत. शालूबाईनं काही न विचारता शर्टांना टिचबटणं लावून दिली. मग एकदा ती त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि बोटांना, तळव्यांना बारीक काडी टोचत विचारत गेले, लागतंय का? मिस्त्री दर वेळी म्हणाले, "लागतंय की." एकदा डॉक्टरांनी काडी टोचलीच नाही, नुसतं विचारलं. मिस्त्री म्हणाले, "लागतंय." डॉक्टरांनी शालूबाईकडं पाहिलं. घरी आल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग मे महिन्यात स्वप्नालीच्या व्हॅननं निळा धूर सोडायला सुरुवात केली. स्वप्नाली त्यांची थोरली. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून कळंब्याची बारा पोरं शाळेत ने-आण करायची. केरबानं इंजिन उतरवून पाहिलं. केरबा एके काळी मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतःचं गॅरेज असलेला.

"दोन वाटा हायत बगा," तो घरी येऊन म्हणाला. "ह्येच नवं करून घ्या, न्हायतर जुनं बसवा. मागनं ठोकलेल्या एका गाडीचं आलंय भंगारात. इंजिनाला धक्का न्हाई, दोन दिवसांत बसवून देतो."

"जुनंच घेऊया," स्वप्नाली म्हणाली. "बोअर भायेर मशीनवर मोठा करायला दिला तर त्यापेक्षा म्हाग जातंय."

"भायेर कशाला?" मिस्त्री म्हणाले. "मी मेलोय काय? आमच्या वर्कशॉपचा मालक मशीन देतोय सुट्टीच्या दिवशी. कुणाचं कसलं इंजिन, त्यानं त्यात तेल घातलंतं का पाणी, तुला काय म्हाईत? बाजारात चालत्या म्हशीचंबी दात बघत्यात."

"आबा, म्हस न्हवं ती."

"म्हशीला निदान बोलता येत न्हाई. विकणाऱ्याला येतंय."

केरबा हसला. स्वप्नालीनंही मान हलवली. बाप करणार म्हटल्यावर खर्चाचा प्रश्नच मिटत होता. शालूबाई मात्र चुलीशी उभी राहून हिशेब वेगळाच करत होती. जूनमध्ये शाळा उघडणार. इंजिन चुकीचं बांधलं गेलं तर महिनाभरात बसणार. आणि पोरं एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसली की परत येत नाहीत. मागं दुसऱ्या व्हॅनवाल्या पिराजीची गाडी आठ दिवस बंद पडली, तर त्याची निम्मी पोरं स्वप्नालीकडंच आली होती.

तिनं त्या रात्री बोलायचं ठरवलं आणि बोलली नाही. काय बोलणार? तुमच्या हातात आता काही उरलं नाही, हे बायकोनं कुठल्या शब्दांत सांगायचं?

दुसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन गॅरेजमध्ये गेली, तेव्हा इंजिनाचा ब्लॉक धुऊन पुसून टेबलावर ठेवला होता. स्वप्नालीबरोबर दोन शेजारचे मेकॅनिकही येऊन उभे होते, मिस्त्री बऱ्याच दिवसांनी हात लावणार म्हणून. मिस्त्रींनी चपला काढल्या, देवघरात शिरताना काढाव्यात तशा. पहिल्या बोअरमध्ये बोट घातलं, डोळे मिटले, सावकाश फिरवलं. वर, मधे, खाली. मग दुसऱ्यात. शालूबाईनं त्यांचा चेहरा पाहिला. काडी न टोचता लागतंय म्हणाले होते, तोच चेहरा.

"पाच थाऊ," मिस्त्री म्हणाले. "बोअर करायची गरज न्हाई. नुसता घासून घेऊ, पिस्टनच्या रिंगा बदलू. बास."

केरबानं वहीत पाच लिहिलं. गेज त्याच्या हाताशीच लटकत होतं.

"केरबा, गेज लाव," शालूबाई म्हणाली.

केरबा चपापला. "काकी, मिस्त्रींनी बोट फिरवलंय की."

"म्हाईत हाय. लाव तू."

शेजारचा एक मेकॅनिक गुपचूप बाहेर निघून गेला. स्वप्नाली आईकडं बघत राहिली. मिस्त्रींनी बायकोकडं पाहिलं. रागानं पाहतील असं तिला वाटलं होतं. ते तसे पाहत नव्हते. भर बाजारात कुणी हाक मारावी आणि आपण त्याला ओळखू नये, तसे पाहत होते.

"लाव रं," ते म्हणाले.

केरबानं गेज घातलं, काटा वाचला, पुसून पुन्हा घातलं.

"सांग की," मिस्त्री म्हणाले. "बहिरा न्हाई मी."

"चौदा."

मिस्त्रींनी आपल्या बोटाकडं पाहिलं नाही. हात फडक्याला पुसत राहिले, पुसायला काही नव्हतं तरी. मग म्हणाले, "म्हंजे मशीनवर घ्यायला लागंल. ते माझ्याच्यानं हुणार न्हाई. भायेर दिलं तर परवडणार न्हाई." पुढं म्हणाले, "ते भंगारातलं आण. गार असताना सुरू करून दाखवा म्हणायचं. ते आधी तापवून ठेवत्यात, मग आवाज गोड येतोय. गार हाय का, ब्लॉकला हात लावून बघायचा." आणि मग, "तुझा हात."

"व्हय, मिस्त्री," केरबा म्हणाला, आणि वहीतला आकडा खोडला.

डबा तसाच घरी आला. संध्याकाळपर्यंत मिस्त्री अंगणातल्या खुर्चीवर बसून होते. शालूबाईनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला. ती भाजी निवडत होती तेव्हा त्यांनी हाक मारली.

"शालू. तळव्याला काय लागलंय का बघ जरा. फरशीवर डाग पडल्यात."

तिनं खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाचेत लोखंडाचा बारीक कीस घुसला होता, गॅरेजातला. रक्त सुकून काळं पडलं होतं. तिनं सुईनं तो काढला, हळद भरली. दुखतंय का, असं विचारलं नाही.

"दुसरा दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी दुसराही पाय पुढं केला.