कुत्र्यांच्या थडग्यांमधला खजिना

मी बारा वर्षांची होते तेव्हा कुत्र्यांच्या थडग्यांमध्ये खजिना शोधायला गेले होते. नातवंडांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, आजी काहीतरी रचून सांगते आहे. पण मी खरंच गेले होते, आणि त्या दुपारी जेवढी पळाले तेवढी पुढे जन्मात कधी पळाले नाही.

ठाण्यात खाडीच्या अंगाला, न्यायाधीशसाहेबांच्या बंगल्यामागे, कमरेएवढा दगडी गडगा घातलेला जमिनीचा एक तुकडा होता. गोऱ्या लोकांची लाडकी जनावरं तिथे पुरलेली होती. किल्ल्यात पलटण असायची तेव्हापासूनची ही रीत. बहुतेक कुत्री, पण दोन घोडे, एक पोपट आणि एक मुंगूसही तिथे निजले होते, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी कोरलेला दगड. गावातली माणसं त्या बाजूने जाताना नाकाला पदर लावत. आम्हा मुलींना मात्र त्या जागेची फार उत्सुकता. कुत्र्याचं थडगं ते कसं असेल?

न्यायाधीशसाहेबांची मडम आमच्या मुलींच्या शाळेत अधूनमधून येई. तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं आणि ते ती बेधडक बोले. एके दिवशी तिने मास्तरांना सांगितलं की पुढच्या शनिवारी दुपारी मुलींना बंगल्यावर पाठवा, आपण खजिना शोधण्याचा खेळ खेळू. खाण्यापिण्याचं काही ठेवणार नाही, हेही तिने आपणहून सांगितलं. आमच्या घरांमधली सोवळीओवळी तिला ठाऊक होती.

माझे वडील त्याच न्यायाधीशसाहेबांच्या कचेरीत कारकून. त्यांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणायचीही इच्छा नव्हती. शेवटी त्यांनी आत्याला बोलावलं.

आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तेव्हा ती बावीस वर्षांची असेल. पंधराव्या वर्षी विधवा होऊन ती कल्याणला आजोबांकडे परत आली होती, आणि सहा महिन्यांपूर्वी आजोबा गेल्यावर वडिलांनी तिला आमच्याकडे आणलं. आमच्या घरात तिचा आवाज असा मी फारसा ऐकलाच नव्हता. मागच्या पडवीत बसून ती वाती वळायची, डाळी निवडायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची.

"हिच्याबरोबर जा," वडील तिला म्हणाले. "पण तू गडग्याबाहेर बसायचंस. आत पाऊल टाकायचं नाही."

"बरं, दादा," आत्या म्हणाली.

मार्गशीर्षातली दुपार होती. ऊन कोवळं, खाडीवरून वारा येत होता. आम्ही दहा मुली, दोघीदोघींच्या पाच जोड्या. माझी जोडीदारीण तांबटाची मुलगी, शाळेतली माझी जिवाभावाची मैत्रीण. मडमने नियम सांगितले. एकेक चिठ्ठी, एकेक कोडं. ते ज्या जनावराचं असेल त्याचा दगड शोधायचा, तिथे पुढची चिठ्ठी सापडेल. चौथ्या दगडामागे खजिना. चिठ्ठ्या बाळबोधीत सुवाच्य लिहिलेल्या होत्या. तिने हात वर केला, खाली आणला आणि ओरडली, "पळा!"

पहिल्या चिठ्ठीत होतं, 'माझ्या पायातलं लोखंड माझ्या उशाशी आहे.'

"घोडा!" आम्ही दोघी एकदम किंचाळलो. ते बाकीच्या आठजणींनीही ऐकलं आणि सगळ्या मिळून नाल ठोकलेल्या दगडाकडे धावत सुटल्या. मैत्रीण सगळ्यांत पुढे. ती परकर वर खोचून अशी सुटली की मला तिच्या वेणीचं टोक तेवढं दिसत होतं. नालेखाली पाच चिठ्ठ्या दडवलेल्या होत्या. आमच्या हाती पहिली.

'मी बोलत असे, पण माझ्या मनातलं कधीच बोललो नाही.'

हे मी थांबून दोनदा वाचलं. तेवढ्यात मामलेदारांची मुलगी आमच्या शेजारून सटकली. तिला कळलं होतं! "पोपट गं, पोपट!" मैत्रिणीने माझा दंड ओढला. पोपटाचा दगड जेमतेम विटेएवढा, त्यावर चोच कोरलेली. आम्ही पोहोचलो तेव्हा मामलेदारांची मुलगी तिसरी चिठ्ठी घेऊन निघालीसुद्धा होती.

'मी होतो तोवर इथे साप नव्हता.'

मुंगूस, हे कळायला वेळ लागला नाही. पण मुंगसाचा दगड काही दिसेना. इकडे बघ, तिकडे बघ, गवत बाजूला कर. मैत्रीण एका चौथऱ्याला अडखळून पडली, ढोपर सोललं, उठली आणि पुन्हा पळाली. साहेबांच्या बागेत काम करणारा माजिवड्याचा म्हातारा माळी एका बाजूला बसून तंबाखू मळत आमची गंमत बघत होता.

"काय गो पोरींनो, कनाला पलताव एवऱ्या?" तो हसून म्हणाला.

उत्तर द्यायला सवड कुणाला होती! आणि मग गडग्याच्या बाजूने एक आवाज आला. "अगं, डावीकडे! त्या दोन मोठ्या दगडांच्या मध्ये! शेपूट कोरलंय बघ!"

मी वळून पाहिलं. आत्या उभी होती. दोन्ही हात गडग्यावर टेकवून, टाचा उंचावून. तिचे डोळे असे चमकत होते की क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. आमची सगळी कोडी ती तिथून ऐकत होती आणि आमच्या आधी सोडवत होती.

शेपूट सापडलं. चिठ्ठी सापडली. आता मामलेदारांची मुलगी आणि आम्ही बरोबरीत.

चौथं कोडं असं, 'माझं नाव मडमसाहेबांना वाचता येत नाही.'

मामलेदारांची मुलगी झिजलेल्या दगडांकडे धावली. तसे दगड बरेच होते. मीही निघाले होते, पण मैत्रिणीने मला धरलं. "थांब गं. झिजलेला दगड कुणालाच वाचता येणार नाही. चिठ्ठीत लिहिलंय, मडमला येत नाही. म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी येतं."

मी तिला टाळी दिली. "म्हणजे इंग्रजी नाहीच! आपल्यातला दगड आहे!"

आम्ही माळ्याकडे गेलो. "आजोबा, इथे आपल्या अक्षरांचा दगड आहे का?"

"मना सांगाचा नाय असा बाईंनी सांगितलाय," तो म्हणाला, पण त्याची नजर खाडीकडच्या कोपऱ्यात गेली. आम्हाला तेवढं पुरे होतं.

कोपऱ्यात घाणेरीचं रान नुकतंच तोडलेलं दिसत होतं. त्यात एक काळा दगड, गुडघ्याएवढा, थोडा कललेला. मी त्याच्यामागे हात घातला. थंड पत्रा हाताला लागला. डबा! मैत्रीण जागच्या जागी उड्या मारायला लागली, मी ओरडायला लागले, काय ओरडले ते आठवत नाही. डब्यात एक नळी होती. डोळ्याला लावून फिरवली की आत रंगीत काचांची फुलं उमलत आणि मोडत. आम्ही ती एकमेकींच्या हातून हिसकावत होतो, बाकीच्या मुली गोळा झाल्या होत्या, सगळ्यांना बघायचं होतं.

मडम टाळ्या वाजवत आली. मग तिने दगडाकडे बोट केलं. "आता मला सांगा. इथे काय लिहिलं?"

हा दगड पावसाळ्यानंतर रान काढताना माळ्याला सापडला होता. मडमने तिला मराठी शिकवणाऱ्या मुनशीला विचारलं, पण तो कुत्र्यांच्या स्मशानात पाय ठेवायला तयार नव्हता. गडग्याबाहेरूनच म्हणाला, अक्षरं नव्हेत, नुसत्या रेघोट्या आहेत.

आम्ही वाकून पाहिलं. रेघोट्या नव्हत्या, पण आम्हालाही वाचता येईना. बाळबोध नव्हतीच ती.

"मोडी असेल," मी म्हणाले. मोडी शाळेत मुलगे शिकत, पुढे कचेरीत लागे म्हणून. आम्हाला कोण शिकवणार?

मैत्रीण मात्र दगडावरून बोटं फिरवत होती. तिचे वडील भांड्यांवर नावं घालायचे. "खाचा भरल्यात. घासून आत पांढरं भरलं की दिसेल," ती म्हणाली आणि सरळ माळ्याच्या तंबाखूच्या चंचीतली चुन्याची डबी घेऊन आली. आम्ही काडीने माती काढली, पाणी ओतलं, बोटाने चुना भरला आणि वरचा पुसून घेतला. काळ्या दगडावर एकेक पांढरी ओळ उमटत गेली. सगळ्या मुली भोवती वाकून बघत होत्या.

"वरची रेघ सलग आहे का गं?" आत्याने गडग्यावरून विचारलं. "अक्षरं एकमेकांत गुंतलीत का?"

"हो!"

"मोडीच ती."

मडम वळली. "बाई, तुम्हाला येतं?"

आत्या माझ्याकडे बघत होती. वडिलांचं बोलणं आम्हा दोघींनाही आठवत होतं. मग तिने पदर खांद्याशी घट्ट आवळला, एक पाय गडग्याच्या फटीत रोवला आणि गडगा ओलांडून आत उतरली.

ती दगडापुढे मांडी घालून बसली. बोट ठेवून वाचू लागली. आधी ओठातल्या ओठात, मग मोठ्याने. "वेशीवरील कुत्री... इणे..." एका अक्षरावर ती अडली, मैत्रिणीने तिथे पुन्हा चुना भरला. "खाडीत बुडते... बुडते लेकरू... ओढून काढिले." तिचा आवाज चढत गेला. "लेकराच्या आईने हा दगड घातला!"

एकच गलका झाला. कुठलं लेकरू? कधी? कुत्रीने कसं काढलं? मडमला सगळं कळलं नव्हतं, तिने आत्याला दोनदा सांगायला लावलं. कळलं तेव्हा ती त्या काळ्या दगडाशी गवतात खाली बसली. इंग्रजांचं म्हणून सगळे ओळखत असलेल्या त्या जागेत हा बहुधा सगळ्यांत जुना दगड होता, आणि तो आमच्याकडच्या एका बाईचा होता.

आत्या हसत होती. तिची बोटं चुन्याने पांढरी झाली होती, कपाळालाही चुना लागला होता, आणि ती हसत होती.

घरी पोहोचलो तेव्हा दोघींनाही आधी विहिरीवर आंघोळ. मग वडिलांनी आत्याला समोर बोलावलं. मी दाराआड.

"आत गेली होतीस?"

"गेले होते, दादा."

"आणि सगळ्यांसमोर मोडी वाचलीस म्हणे. तुला कुठून आली?"

आत्याने मान खाली घातली नाही. "बाबांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांचे कागद कोण वाचत होतं? नजर पुरती जायच्या आधी त्यांनीच शिकवलं मला."

"बाबांना दिसत नव्हतं? शेवटपर्यंत मला पत्रं लिहीत होते ते!"

"ती मी लिहीत होते. ते सांगायचे, मी त्यांच्या वळणाने लिहायचे. तुला कळू द्यायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. तू नोकरी सोडून कल्याणला येशील म्हणून. तू सणाला यायचास तेव्हा ते माझ्या आवाजाच्या अंदाजाने घरात वावरायचे."

वडील उठले. फडताळातून पत्रांचा गठ्ठा काढला आणि खाली बसून एकेक उलगडू लागले. चार वर्षांची पत्रं होती. आजोबांचं अक्षर म्हातारपणीही कसं सुरेख, हे त्यांनी आम्हाला कितीदा तरी कौतुकाने दाखवलं होतं. बराच वेळ ते वाचत राहिले. मग म्हणाले, "बस. उभी का?"

आठवड्याने मास्तर आमच्याकडे आले. मुलींनाही मोडी शिकवावी असं मडमने सुचवलं होतं, आणि शिकवायला कोण हेही सांगितलं होतं. नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. एक काका तर कल्याणहून मुद्दाम आगगाडीने येऊन दोन तास बोलले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना परतीच्या गाडीत बसवलं. येताना बाजारातून बोरूंची जुडी आणि शाईची पूड आणली आणि आत्यापुढे ठेवली.

आत्याने त्या शाळेत पुढे अठरा वर्षं शिकवलं. पहिल्या दिवशी मी पुढच्या रांगेत ऐटीत बसले होते, आत्या आपलीच म्हणून. तिने फळ्यावर ओळ काढली, आम्ही ती गिरवली, आणि तिने सर्वांत आधी माझी पाटी उचलली. मी सगळी अक्षरं सुटी सुटी काढली होती.

"पुन्हा काढ," ती म्हणाली. "मोडीत हात उचलायचा नसतो."